फोटो झाला म्हटल्यावर

साखरा, १९ नोव्हेंबर २००६

दादा,

जयभीम. कॅमेरा पोचला. मस्कतहून परत आलेला कनेरगाव नाक्याचा वसराम स्वतः येऊन देऊन गेला. खोक्यावर मायचं नाव तुझ्या अक्षरात होतं, आत चिठ्ठी नव्हती. मायने थर्मोकोलसुद्धा उलटा करून झटकला. मग म्हणाली, "घाईत राहिली असंन."

वसराम चहा पीत बसला आणि बाबांच्या देखतच विचारलं, "काका, धम्मदीप लग्नाच्या मांडवातून पळाला म्हनतेत, खरं हाय का? तिकडं मस्कतला तो कोनाशी बोलतच न्हाई." बाबा शेळ्यांना पाणी दाखवायला उठून गेले. पाणी आधीच दाखवून झालं होतं. मायने वसरामच्या बशीत आणखी चहा ओतला आणि विषय तिथेच बुडाला. तुझं नाव घरात अजूनही तसंच आहे. माय घेते, पण बाबा घरात नसताना.

घरात शाळा पुरी केलेली मी एकटी. त्यामुळे खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं जसं माझ्याकडे येतं तसं हे इंग्रजी पुस्तकही माझ्याकडेच आलं. डी.एड.च्या वाचनालयातून शब्दकोश आणला आहे. मायला फोटो नको आहे. तिला तुझ्याकडे हलतंबोलतं शूटिंग पाठवायचं आहे. वसरामने तिला सांगितलं की या कॅमेऱ्यात तेही होतं.

मला जे समजलं ते लिहिते. चुकलं असेल तर कळव.

वरच्या चकतीवर सिनेमाच्या कॅमेऱ्याचं चित्र आहे, ते खुणेपाशी आणायचं. मग बटण एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. चालू असताना पुढे लाल दिवा लागतो. चित्राचा आकार आधी ठरवावा लागतो. ६४० मोठं आणि स्वच्छ, ३२० लहान. मोठं घेतलं तर कार्ड लवकर भरतं. त्याखाली फ्रेम म्हणून आहे, तीस किंवा पंधरा. म्हणजे एका सेकंदात तो तीस फोटो काढतो नाहीतर पंधरा, आणि ते भराभर दाखवतो, म्हणून माणूस हलल्यासारखा दिसतो. हे खरं आहे का? मला विश्वास बसायला वेळ लागला. सबंध दिसणारं सगळं तुकड्यांचं असतं आणि मधल्या जागा आपण आपल्याच डोळ्यांनी भरतो, असं पुस्तकात आहे.

शूटिंग सुरू झाल्यावर जवळ-लांब करता येत नाही. किती जवळ जायचं ते आधीच ठरवायचं.

"फॉरमॅट" असा एक शब्द यादीत शेवटी आहे. त्याच्यापुढे उद्गारचिन्ह आहे. त्याला मी हात लावत नाही.

मायची तब्येत बरी आहे. पायाला सूज असते म्हणून शेतात जात नाही, एवढंच. नांदेडला दाखवून आणलं. काळजीचं काही नाही, असं लिही म्हणाली.

तुझी,
संध्या

---

साखरा, १७ डिसेंबर २००६

दादा,

जयभीम. तुझं पत्र नाही. मस्कतहून टपाल यायला वेळ लागतो, हे मी मायला रोज सांगते.

पहिल्या शूटिंगमध्ये माय निळी आली. चेहरा, ओठ, पांढऱ्या पातळाचा काठ, सगळं निळं. मी घाबरून पडदा झाकला, पण तिने बघितलंच. "अशी निळी पडले का गं मी?" म्हणाली आणि हसली. मी पुस्तक धुंडाळलं. उजेडाची एक सेटिंग असते. तिथे सूर्य, ढग आणि बल्ब अशी चित्रं आहेत. माझ्याकडून बल्ब लागला होता. बल्बचा उजेड पिवळा असतो, तो मारायला कॅमेरा निळं घालतो. अंगणात उन्हात तसं केलं की माणूस निळा होतो. सूर्याचं चित्र लावल्यावर ती पुन्हा आपल्या रंगाची झाली. तरी ते पहिलं शूटिंग मी पुसून टाकलं. पुसू नये असं वाटत होतं, पण ठेवणंही जमलं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. माय हलत नाही.

तिला कितीही सांगितलं तरी ती खाटेवर ताठ बसते, हात गुडघ्यांवर, हनुवटी वर, आणि श्वाससुद्धा रोखते. हिंगोलीला रेशनकार्डासाठी फोटो काढला तेव्हा तो फोटोवाला तिच्यावर खेकसला होता, "बाई, हलू नका, फोटो खराब होते." तेवढा एकच फोटो तिने आयुष्यात काढला. ते तिने पक्कं धरलं आहे.

"माय, बोल ना. दादाला काही सांग."

"आधी फोटो होऊ दे, मग बोलते."

"बोलायचं तेच तर घ्यायचंय!"

"बोलता बोलता तोंड वाकडं येते. लेकराले वाकडं तोंड पाठवू का?"

मी "झाला" म्हटलं की ती सुटते. मग सगळं बोलते. तुझ्याकडे भाकरी कोण थापतं, तिथे पाणी कसं आहे, तुझा दुखरा दात काढला का. आणि मी पुन्हा कॅमेरा उचलला की पुन्हा दगड.

म्हणून मागून कोंबडी जाते ती हलते, दोरीवरचं धोतर हलतं आणि मधे माय फोटो होऊन बसलेली असते. मला वाटलं आवाजाचीच सेटिंग बंद आहे. पण नाही, कोंबडी ऐकू येते.

बाबा कॅमेरा दिसला की बांधाकडे निघून जातात. माय म्हणते, "त्याइले काही बोलू नको. त्याइचंबी एक दुखनं हाय." मी विचारलं कोणतं, तर म्हणाली पाणी आण.

काल मी खाट घरात घेतली आणि चित्र मोठं लावलं, ६४०, म्हणजे तिचा चेहरा तुला स्वच्छ दिसेल. कार्ड पुरावं म्हणून फ्रेम पंधराच ठेवल्या. ती तशीच बसली. मी झाला म्हणून बटण दाबलं, कॅमेरा तिच्याजवळ खाटेवर ठेवला आणि हापशावर गेले. परत आले तर पडद्यावर कार्ड भरल्याची सूचना. एवढ्याशा शूटिंगने कसं भरलं ते समजत नाही. सेलही उतरलेत. सुरुवात बघितली, माय आहे. नवे सेल आणले की नीट बघते.

सूज अजून आहे.

संध्या

---

साखरा, २८ जानेवारी २००७

दादा,

माय गेली. संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी, सकाळी, नांदेडच्या दवाखान्यात. मूत्रपिंडाचं होतं. नोव्हेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं होतं. लिहू नको असं तिने मला शपथ घालून सांगितलं होतं. आता ती शपथ संपली.

बाबा म्हणाले, "त्याले कळवायचं न्हाई. आता कळून काय उपेग." मी त्यांच्यासमोर मान हलवली नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. हे पत्र सेनगावच्या पेटीत टाकीन. इथल्या पेटीत टाकलं तर ज्याच्या हाती लागेल तो आधी बाबांनाच सांगेल.

पुण्यानुमोदनाला हट्ट्याचा मामा आला होता. त्याची पल्लवीपण आली होती, तिचा मुलगा कडेवर. तुझ्यावर तिचा राग नाही असं म्हणाली. "आमी दोघं दर सुट्टीत एकाच अंगनात खेळलो, मलेबी तो भावासारखाच व्हता. मी तोंड उघडलं न्हाई अन् तो पळाला, येवढाच फरक," असं म्हणाली. मामा मात्र आपल्या घरचं पाणी प्यायला नाही. बाबा त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मामाने बघितलंही नाही.

गाथा चालू असताना समोर मायचा फोटो ठेवायचा होता. फोटो नव्हता. रेशनकार्डावरचा फार लहान. मग कॅमेऱ्यातली ती पहिली काही क्षणांची माय हिंगोलीच्या स्टुडिओत थांबवून तिचा फोटो करून आणला. लोक म्हणाले, किती छान बसली आहे, अगदी फोटोसाठी बसल्यासारखी.

संध्या

---

साखरा, ४ मार्च २००७

दादा,

हे लिहू की नको ते ठरवायला मला बरेच दिवस लागले. मी वेडी झाले असं समजू नकोस.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी मी कॅमेरा काढते. तो ज्वारीच्या कणगीत फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. तांड्यावरची जिवनबाई दूध घालायला आली तेव्हा तिने मला बघितलं. म्हणाली, "मेलेल्या मानसाले डबीत कोंडून राहिली का पोरी? जाऊ दे तिले." पण मी कोंडलेलं नाही. मी फक्त एकच गोष्ट शोधते. मायची पापणी.

त्या शेवटच्या शूटिंगमध्ये ती एकदाही पापणी लववत नाही. डोळे उघडे, थेट माझ्याकडे. माणूस इतका वेळ राहूच शकत नाही. तिने लववली असणारच. आणि मग मला आठवतं की मी फ्रेम पंधरा ठेवल्या होत्या. दोन चित्रांच्या मधल्या जागेत ती डोळे मिटून उघडत असेल, आणि ते कॅमेऱ्याने घेतलंच नसेल. तीस ठेवल्या असत्या तर कदाचित दिसलं असतं. कार्ड पुरावं म्हणून मी पंधरा ठेवल्या. रोज बघते. रोज ती तशीच बघत राहते. आता आत जायला लागलं की पाठीवर तेच डोळे आहेत असं वाटतं. मागे वळून बघत नाही.

परवा नवे सेल घातले आणि पहिल्यांदा पुढे बघत राहिले. एरवी माय संपली की मी बंद करत होते. चित्र गदगदा हललं, खाट दिसली, मग आपल्या घराचं टिनाचं छप्पर. बस, छप्परच. मग कळलं की त्या दिवशी बंद करायला मी बटण नुसतं टेकवलं होतं, पुरतं दाबलंच नव्हतं. खाटेवर उताणा ठेवलेला कॅमेरा चालूच राहिला होता.

उजेड कमी, त्यामुळे टिनांवर मुंग्या फिरल्यासारखे ठिपके. आधी माझा आवाज, "झाला." हापशाकडे जाणारी माझी पावलं. मग खाट करकरली, दोनदा. तुला आठवतं ना, ती उठताना आधी हात टेकायची तेव्हा एकदा आणि उठायची तेव्हा एकदा. आणि मग माय, तिच्या रोजच्या आवाजात, अगदी मोकळी,

"अहो, ऐकता का? या की इकडं. गेली ती फोटोवाली."

दादा, परवा हे ऐकत होते तेव्हा मी घरात होते. बाबा अंगणात हात धूत होते. तिकडून बाबांचा आवाज आला, "आलो."

ते आत आले. हात ओले होते, खांद्यावरचा पंचा सरळ करत होते. दारात उभे राहिले आणि खाटेकडे बघितलं. खाट रिकामी. माझ्या हातात कॅमेरा. कॅमेऱ्यातून त्यांचाच आवाज आला, "काय म्हनतीस."

ते भिंतीला धरून खाली बसले. मला बंद करायचं सुचलं नाही. पुढचं जसंच्या तसं लिहिते. मी ते आता पाठच झाल्यासारखं ऐकलं आहे.

माय: "पोराले सांगायचं म्हनले तर तोंडच उघडत न्हाई. फोटोत कसं बोलावं मानसानं?"

बाबा: "काय सांगायचं त्याले?"

"तेच. तुमाले ठाव हाय."

"गप बस. आता ते उकरून काय करतीस."

"तुमच्यावर राग धरून बसलं लेकरू."

"बसू दे. मले काय होते."

"येऊ द्या त्याले घरी."

"मी काय त्याची वाट अडवली का? येऊ दे. घर त्याचंच हाय."

मायला दम लागतो तो ऐकू येतो. आणि मग,

"मी न्हाई राहिले तर तुमी त्याले सांगा. ती सोयरीक..."

इथे संपतं. कार्ड भरलं. चित्र लहान ठेवलं असतं तर तिचं बोलणं पुरं झालं असतं. तुला चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून मी मोठं ठेवलं होतं.

बाबांनी पंच्याने ओले हात पुसले. मग म्हणाले, "अजून काय काय हाय त्याच्यात?" मी म्हटलं, एवढंच. ते उठून गेले आणि जेवायला आले नाहीत.

पुढचं माय काय म्हणाली ते आता जगात एकाच माणसाला माहीत आहे.

संध्या

---

साखरा, ८ एप्रिल २००७

दादा,

मंगळवारी किराणा दुकानातल्या फोनवर मला बोलावणं आलं. "बाहेरगावचा दिसतो, आवाज लांबून येऊन राहिला," दुकानदार म्हणाला. मी हॅलो म्हटलं. पलीकडे कुणी बोललं नाही. मागे मोटारींचा आवाज आणि जवळ कुणाचा तरी श्वास. मी "दादा" म्हटलं. फोन लगेच ठेवला नाहीस. म्हणून मला माहीत आहे की तो तूच होतास आणि माझी पत्रं तुला मिळाली आहेत.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते दोर वळत होते. हात थांबले नाहीत.

"काय म्हनला?"

"काही नाही बोलला."

"मंग तोच असंन."

मी विचारलं, "बाबा, मायने काय सांगायला सांगितलं होतं? ती सोयरीक म्हणजे तुम्ही हट्ट्याला शब्द दिला होता तीच ना?"

"अभ्यास कर तुझा."

"बाबा, ती तुमच्याकडे काहीतरी ठेवून गेली आहे. ते तिचं आहे, तुमचं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना असं बोलले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही. म्हणाले, "म्हनून तर सांभाळून राहिलो." आणि दोर वळायला लागले.

वसरामचा नवा व्हिसा आला. एप्रिलच्या शेवटी परत मस्कतला निघतो. त्याच्याबरोबर शूटिंग पाठवायचं म्हणून मी हिंगोलीच्या स्टुडिओत कार्ड घेऊन गेले. कार्ड हातातून देताना काय झालं ते सांगता येणार नाही. त्याने कॉम्प्युटरला लावलं, मोठ्या पडद्यावर माय आली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही वळून बघायला लागली. मग छप्पर आलं.

"ताई, ये तो छत का शूटिंग है," तो म्हणाला. "इतना पार्ट कट कर देता. साइज छोटा होईल. वरतून एखादं गाणं टाकून देतो, मस्त लागेल."

"कट करायचं नाही. गाणंही नको."

"अरे पन दिखतंच काय त्याच्यात?"

"दिसत नाही. ऐका."

त्याने आवाज वाढवला. माय म्हणाली, "अहो, ऐकता का?" त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. सगळं ऐकलं, शेवटपर्यंत. मग हळूच विचारलं, "आगे?"

"पुढे नाही."

त्याने काहीही न कापता सीडी करून दिली. दोन केल्या, एक फुटली तर म्हणून. मी त्याच्या मागे उभी राहून दोन्ही पूर्ण चालवून बघितल्या, मगच कार्ड मोकळं करू दिलं. कार्ड मोकळं झाल्यावर पडद्यावर "एकही चित्र नाही" अशा अर्थाचं वाक्य आलं. बसमध्ये ते वाक्य मला पुन्हा पुन्हा दिसत होतं.

बाबांनी सीडी हातात घेऊन उजेडाकडे धरली. "याच्यात हाय का ती?" विचारलं. मग म्हणाले, "अर्धं बोलनं पाठवू नये मानसाचं." मी थांबले, आणखी काही म्हणतील म्हणून. त्यांनी सीडी परत माझ्या हातात दिली.

संध्या

---

साखरा, २७ एप्रिल २००७

दादा,

हे पत्र वसरामच्या हाती देते आहे, सीडीसह. सीडीवर दोन शूटिंग आहेत. एक तुला माहीत आहे. दुसरं गेल्या रविवारचं, त्यासाठी हिंगोलीहून सीडी नव्याने करून आणली.

रविवारी दुपारी बाबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खाटेवर येऊन बसले. मायच्याच जागी. "काढ," म्हणाले.

माझी तारांबळ उडाली. नवे सेल घातले. आकार लहान केला, ३२०, फ्रेम पंधरा, म्हणजे कार्ड कशानेही भरू नये. घरात सावली होती म्हणून उजेडाला ढगाचं चित्र. किती जवळून घ्यायचं ते ठरवलं, पुरेसं जवळ. बटण पूर्ण दाबलं. लाल दिवा लागला.

आणि बाबा दगड झाले. हात गुडघ्यांवर, हनुवटी वर. हुबेहूब. जणू तिनेच त्यांना शिकवून ठेवलं होतं. कपाळावरून घाम गळत होता, तोही पुसला नाही.

"बाबा, बोला."

नुसतं बघत राहिले.

मला माहीत होतं काय केलं की ते बोलतील. "झाला" म्हणायचं, कॅमेरा उताणा ठेवायचा आणि हापशावर जायचं. मायच्या वेळी ते नकळत झालं होतं, आता मुद्दाम करायचं. एवढंच. पण रोज सकाळी मी पंचशील म्हणते, त्यात खोटं बोलणार नाही असं म्हणते. आणि ज्या माणसाने एवढी वर्षं एक गोष्ट सांभाळली, ती त्याच्याकडून फसवून काढून घ्यायची? मला ते जमेना. आणि न करणंही जमेना, कारण वसराम शुक्रवारी निघणार होता.

शेवटी मी कॅमेरा खाटेवर उताणा ठेवला आणि म्हटलं, "बाबा, फोटो झाला. पण हे चालूच आहे."

"दिसून राहिला मले लाल दिवा. मी काय आंधळा हाय का?"

"बंद करू?"

त्यांनी वर टिनांकडे बघितलं.

"राहू दे."

पुढचं त्यांच्याच आवाजात आहे. पण सीडी वाटेत फुटली तर काय, असं मी म्हटलं, तेव्हा तेच म्हणाले, "लिहून दे मंग. जसं हाय तसं." म्हणून लिहिते.

"धम्मा, त्या सोयरिकीचा शब्द म्या न्हवता देला. तुझ्या मायनं देला व्हता, तिच्या भावाले. पल्लवी पाळन्यात व्हती तवा. तू नको म्हनलास तवा मांडव घालून झाला व्हता. ती रडाले लागली, आता माहेरात कोनतं तोंड दाखवू. म्या म्हनलो, माह्यावर घेतो. पोरगं बापावर रागावलं तर चालते. म्हनून तुले म्हनलो, माहा शब्द हाय, लगीन कराच लागंन. तू जे बोललास ते म्या ऐकून घेतलं. मले त्याचं काही न्हाई."

इथे कोंबडी ओरडते. ते थांबतात.

"तुझ्या मायले हेच सांगायचं व्हतं तुले. म्याच सांगू देलं न्हाई. म्हनलं जाता जाता लेकराचा राग काहून घेऊन जातीस, राहू दे माह्यापाशी. अन् ती गेल्यावर म्हनलं, आता तर न्हाईच सांगत. पोरगं तिच्यासाठी रडत असंन तर रडू दे निवांत. पन ती तर डबीतून हाका मारून राहिली. आता मी काय करू? सांगतो बाप्पा, सांगतो."

इथे ते कपाळाचा घाम पुसतात, ते तुला दिसणार नाही.

"राग येईन तुले. येऊ दे. पन ज्याइच्यावर काढायचा ते मानूस न्हाई आता. मी हाय. घरी ये अन् माह्याशी भांड."

एवढं झाल्यावर ते उठले आणि शेळ्या सोडायला गेले. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. डोळे पुसत होते, म्हणून पुढे गेले नाही. कॅमेरा बंद करायचा राहून गेला. कार्ड भरायचं नव्हतंच, म्हणून तो चालत राहिला.

सीडी लावशील तेव्हा माय हलत नाही म्हणून मशीन अडकलं असं समजू नकोस. पुढे सरकवू नकोस. छप्पर दिसायला लागलं की आवाज मोठा कर.

दुसऱ्याच्या शेवटी बाबा गेल्यावर घरात कुणी नाही. मी दारात, बाबा अंगणात. टिनांशिवाय काही दिसत नाही. पण तिथे खाट करकरते. दोनदा, आधी एकदा, मग थोड्या वेळाने एकदा. ऊन उतरलं की टिनं अशी वाजतात, हे मला माहीत आहे. लहानपणापासून ऐकलेलं आहे. तरीही सीडी करताना स्टुडिओत मी मायच्या शूटिंगमधला तो आवाज आणि हा आवाज एकापाठोपाठ लावून ऐकले, आणि मला ठरवता आलं नाही. घरी येऊन बाबांना ऐकवलं. त्या दिवसापासून ते खाटेच्या एका कडेला निजतात.

तू ऐक. तो आवाज तू माझ्यापेक्षा जास्त वर्षं ऐकला आहेस. टिनं होती की माय, ते पत्रात लिहू नकोस. इथे येऊन, त्या खाटेवर बसून सांग.

संध्या